महिन्याला पाच-सहा रात्री हॉटेलात जातात, एकाच चेनची मेंबरशिप धरून राहावं का?

अंबडचा_पाना

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

मी सीएनसी मशीनच्या सर्व्हिसला आहे, ऑफिस नाशिकला अंबड एमआयडीसीत. महिन्यातल्या पाच-सहा रात्री बाहेर जातात, कधी कधी आठ. चाकण, राजकोट, कोइम्बतूर आणि सगळ्यात जास्त होसूर. कंपनी रूमला ४५०० अधिक टॅक्स एवढं देते, बुकिंग मीच करतो आणि आल्यावर बिलं लावतो. दीड वर्षापूर्वी एका मित्राने सांगितलं की कुठेतरी राहायचंच आहे तर एकाच चेनमध्ये राहा, पॉइंट साठतील, वरची पायरी मिळाली की लवकर चेकइन, उशिरा चेकआउट असं सगळं मिळतं. मेंबरशिप फुकटच होती, घेतली. चेनचं नाव लिहीत नाही, मला कुणाची बदनामी करायची नाहीये, फक्त काय चुकलं ते समजून घ्यायचंय.

तर झालं असं की माझ्या डायरीप्रमाणे या वर्षी त्यांच्याकडे ३१ रात्री झाल्या. गोल्ड या वरच्या पायरीला २५ लागतात. ॲपमध्ये बघतो तर १४. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले की बाकीच्या रात्री तुम्ही बाहेरच्या साइटवरून बुक केल्यात त्या धरल्या जात नाहीत. आता खरं सांगायचं तर दरवेळी दोन-तीनशे रुपये कमी दिसायचे म्हणून मी तिथून करायचो, आणि चेकइनला मेंबर नंबर सांगायचो, रिसेप्शनवाले पण हो हो लिहून घेतो म्हणायचे, मला वाटलं झालं काम.

आणि मागच्या महिन्यात तर फारच झालं. पुण्याहून बसने निघालो, बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या हॉटेलात पहाटे साडेपाचला पोचलो, रात्रभर झोप नाही, नऊ वाजता होसूरला कस्टमरकडे लाइन बंद पडलेली, तिथे उभं राहायचंय. काउंटरवर सांगितलं चेकइन दुपारी दोनला. मी म्हटलं निदान अंघोळीपुरती तरी खोली द्या, तर हाऊसफुल आहे म्हणाले. लॉबीतल्या टॉयलेटमध्ये तोंड धुऊन, शर्ट बदलून गेलो. त्याच वेळी माझ्या मागून आलेल्या एकाला किल्ली मिळाली. त्याचं वाईट वाटलं नाही, पण मग मी दीड वर्षं काय करत होतो असं वाटलं.

मला घरी पण उत्तर द्यायचंय. बायकोला सांगून ठेवलं होतं की या पॉइंटवर डिसेंबरात गोव्याला जाऊ. मुलगी सात वर्षांची आहे, तिने समुद्र पाहिलेला नाही. तर गेलेल्या रात्री परत मिळतात का, पॉइंट कंपनीचे का माझे, आणि मुळात आमच्यासारख्या ४५०० च्या लिमिटवाल्याने हे करण्यात काही अर्थ आहे का, की आपलं स्वस्त मिळेल तिथे राहावं?

माजी_फ्रंटऑफिस

दादा, तुमचं वाचून जीव कळवळला कारण मी काउंटरच्या त्या बाजूला ९ वर्षं उभी होते, पुण्यात आणि बेंगळुरूत, अशाच मिड-रेंज हॉटेलांत. काय होतं ते आतून सांगते.

आधी रात्रींचं. बहुतेक सगळ्या मोठ्या चेनचा नियम एकच आहे, बुकिंग त्यांच्या स्वतःच्या साइटवरून, ॲपवरून, फोनवरून किंवा थेट हॉटेलात केलेलं पाहिजे. बाहेरच्या साइटवरून आलेल्या बुकिंगमध्ये हॉटेलला त्या साइटला भरपूर कमिशन द्यावं लागतं, त्यामुळे त्या दरावर वर पॉइंट द्यायला चेन तयार नसते. रिसेप्शनवरच्या पोराने तुमचा नंबर खरंच टाकला असेल, पण सिस्टीममध्ये त्या बुकिंगचा रेट कोडच, म्हणजे कुठून आणि कुठल्या दराने बुक झालं त्याची खूणच, वेगळी असते, मग नंबर असून उपयोग होत नाही. त्याने तुम्हाला तिथेच सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही ही त्याची चूक. बाहेरून बुक केलेल्या रात्री परत मिळणार नाहीत, त्यामागे वेळ घालवू नका. पण १४ चा आकडा एकदा नीट तपासा. थेट बुक केलेल्या रात्रीपण कधी कधी सुटतात, नावाचं स्पेलिंग वेगळं असतं किंवा बुकिंगला नंबर जोडलेलाच नसतो. ॲपमध्ये न जमा झालेल्या मुक्कामासाठी वेगळा फॉर्म असतो, तिथे बिलाची प्रत जोडून टाका, मिळतात.

आता पहाटेचं. लोकांना वाटतं खोली असून देत नाहीत. मिड-रेंज हॉटेलात आठवड्याच्या मधल्या दिवशी, मंगळवार-बुधवारी, रात्री हॉटेल भरलेलं असतं म्हणजे पहाटे साडेपाचला खरोखर एकही साफ खोली रिकामी नसते. लोक सातनंतर निघायला लागतात, हाऊसकीपिंगची मुलं सकाळच्या शिफ्टला येतात, पहिल्या खोल्या नऊ-साडेनऊला हातात येतात. तुमच्या मागून आलेल्या माणसाला मिळाली ती बहुतेक त्याने आदल्या रात्रीपासून बुक केली असेल. किंवा आदल्या रात्री कुणी आलंच नाही आणि ती खोली सकाळच्या यादीतल्या वरच्या मेंबरला ठेवली असेल, असंही करतो आम्ही.

तुम्ही दोन गोष्टी करा. आदल्या रात्री नऊ-दहाच्या सुमाराला थेट हॉटेलला फोन करा, कॉल सेंटरला नाही, आणि ड्यूटी मॅनेजरला विचारा की उद्या पहाटेची पोझिशन काय आहे. त्यावेळी त्याच्यासमोर उद्याची यादी उघडी असते, तो खरं सांगतो. आणि ज्या दिवशी झोप अत्यावश्यक आहे त्या दिवशी सरळ आदल्या तारखेपासून बुक करा. पण बघा हं, यात एक मोठा धोका आहे. मध्यरात्रीनंतर हॉटेलात नाइट ऑडिट होतं, दिवसाचा हिशोब बंद करून तारीख पुढे ढकलतात, तोपर्यंत न आलेला पाहुणा नो-शो धरला जातो आणि मग कधी कधी पुढच्या सगळ्या रात्री पण रद्द होतात. म्हणून बुकिंगमध्ये "पहाटे ५:३० ला पोचणार" लिहायचं आणि फोन करून पण सांगायचं. माझ्या डोळ्यांसमोर एक वयस्कर जोडपं पहाटे आलं होतं आणि त्यांची खोली नो-शो करून विकलेली होती, त्या काकूंचा चेहरा मी अजून विसरले नाही.

आणि एक, मेंबर असा नसा, पहाटे लवकर निघणार असाल तर आदल्या रात्री सांगून ठेवा, नाश्ता पॅक करून देतात. हे लोक मागतच नाहीत आणि उपाशी निघून जातात.

हिशेबनीस

माजी_फ्रंटऑफिस, नो-शोचं लिहिलंत ते फार बरं केलंत, माझ्या क्लायंटच्या माणसाचं असंच झालं होतं.

मी बिलाच्या बाजूने लिहितो कारण टॅक्सचा भाग लोक बघतच नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. ७५०० च्या वर गेलं की १८. म्हणजे तुमच्या ४५०० च्या खोलीवर आधी ५४० टॅक्स लागायचा आता २२५, एका रात्रीला ३१५ वाचले. कंपनी टॅक्स वेगळा देते म्हणून तुमच्या खिशाला फरक नाही, पण लिमिट वाढवून मागायचं असेल तर हा मुद्दा मांडा, कंपनीचा एकूण खर्च कमी झालाय.

आणि अपग्रेडच्या वेळी सांभाळा. काउंटरवर कुणी म्हणालं की हजार रुपये जादा द्या, मोठी खोली देतो, आणि त्यामुळे दर ७५०० च्या पुढे गेला तर टॅक्स अख्ख्या रकमेवर १८ होतो. ७५०० ची खोली टॅक्ससकट ७८७५ ला पडते आणि ७६०० ची ८९६८ ला. शंभर रुपयांसाठी हजार रुपये जातात. घरच्यांना घेऊन सुट्टीत जाताना हे हमखास होतं.

दुसरं, तुमचं ऑफिस महाराष्ट्रात आणि हॉटेल कर्नाटकात. हॉटेलच्या बाबतीत टॅक्स जिथे इमारत आहे त्या राज्याचा लागतो, त्यामुळे कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर तिथल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे भरलेला टॅक्स स्वतःच्या टॅक्समधून वजा करणं, कंपनीला मिळत नाही. चाकणच्या मुक्कामात मात्र तो मुद्दा येत नाही, तिथे बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर बरोबर आहे ना ते चेकआउटच्या आधी बघा, नंतर दुरुस्त करून घ्यायला जीव जातो. बाहेरच्या साइटवरून पैसे आधीच भरलेले असले की बिल कुणी द्यायचं यावर अर्धा तास जातो, हा माझ्या मते थेट बुकिंगचा पॉइंटपेक्षाही मोठा फायदा आहे.

पॉइंट कुणाचे? मेंबरशिप माणसाच्या नावावर असते, कंपनीच्या नाही, त्यामुळे चेनच्या दृष्टीने तुमचेच. काही कंपन्या प्रवासाच्या धोरणात याबद्दल लिहितात म्हणून एकदा एचआरला मेल करून ठेवा, लेखी उत्तर आलं की मन स्वच्छ राहतं.

लोकल_तिकीट

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. मी पण वर्षाला पन्नासेक रात्री बाहेर असतो आणि चार वर्षं इमानदारीत एकच चेन धरली होती. मग एकदा बसून हिशोब केला.

ॲकॉर या हॉटेल कंपनीचं उदाहरण घ्या, त्यांचा हिशोब सगळ्यात सरळ आहे. २००० पॉइंट म्हणजे ४० युरोची सूट. त्यांच्या आयबिस हॉटेलांत साध्या मेंबरला १० युरो खर्चावर साडेबारा पॉइंट, म्हणजे २००० व्हायला १६०० युरो खर्च व्हायला पाहिजे. सूट पडली अडीच टक्के. टाटांच्या जिंजर हॉटेलांत पॉइंटऐवजी न्यूकॉइन मिळतात, एक कॉइन म्हणजे एक रुपया, तिथे तर डोकं लावायची गरजच नाही. पण मॅरियटसारख्या ठिकाणी फुकट रात्रीला किती पॉइंट लागतील ते तारखेप्रमाणे बदलतं, ठरलेला तक्ता नाही, आज बघितलेला आकडा डिसेंबरात दुप्पट होऊ शकतो. म्हणून पॉइंट हे बचत म्हणून साठवत बसायचं नाही, जमले की वापरून टाकायचे.

आणि तुम्ही आमच्यासारखे कारखान्यांवर जाणारे. माझ्यासाठी पहिलं हॉटेल कस्टमरच्या गेटपासून किती लांब. चाकणचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीये, पॉइंटसाठी विमाननगरला राहून सकाळी दीड-दोन तास गाडीत बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. साइटजवळ मालकाचं साधं पण स्वच्छ लॉज असेल, गरम पाणी आणि रात्री अकराला पोळीभाजी मिळत असेल तर मी तिथे राहतो. आणि कितीतरी गावांत चेनचं हॉटेल नाहीच, तिथे तुमची मेंबरशिप काय करणार.

दोन-तीनशेच्या फरकाबद्दल एक सांगतो. चेनच्या साइटवर लॉगिन करून बघा, मेंबरचा दर वेगळा दिसतो, बहुतेक वेळा तो फरक तिथेच मिटतो. पूर्वी बुकिंग साइट्सच्या करारात हॉटेलने दुसरीकडे कमी दर लावायचा नाही अशी कलमं असायची, ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने त्यावरून मोठ्या साइट्सना दंड केला आणि ती कलमं बदलायला सांगितली. त्यामुळे आता विचारायला लाजू नका. मॅरियटला तर त्यांच्याकडे बुक केल्यापासून २४ तासांत दुसरीकडे स्वस्त दर दाखवला तर तो दर देऊन वर सवलत किंवा पॉइंट असं द्यायचा नियमच आहे, अटी सगळ्या सारख्या पाहिजेत एवढंच.

एकटी_प्रवासी

लोकल_तिकीट यांचा हिशोब बरोबर आहे पण तो पूर्ण नाही असं मला वाटतं, आणि ते मी अनुभवाने सांगते.

मी लॅबच्या उपकरणांच्या ट्रेनिंगसाठी फिरते, एकटीच, आज हैदराबाद उद्या इंदूर. सुरुवातीला मी पण स्वस्तात स्वस्त बघायचे. एका गावात रात्री साडेदहाला काउंटरवरच्या माणसाने सगळ्या लॉबीला ऐकू जाईल असा माझा रूम नंबर मोठ्याने सांगितला, मॅडम एकट्याच आहेत ना असं वर विचारलं, आणि बाजूला सोफ्यावर चार माणसं बसलेली होती. त्या रात्री दाराला खुर्ची लावून बसले, झोपले नाही. दुसऱ्या दिवशी ट्रेनिंग घेताना हात थरथरत होते. घरी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर नोकरी सोड म्हणाले असते.

त्यानंतर मी एक चेन धरली आणि सोडली नाही. माझ्या प्रोफाइलमध्ये लिहिलेलं आहे की तळमजला नको, जिन्याच्या दाराशेजारची खोली नको, शेजारच्या खोलीत उघडणारं आतलं दार नको. आता मी सांगत नाही, खोली तशीच मिळते. किल्लीच्या पाकिटावर नंबर लिहून देतात, तोंडाने बोलत नाहीत. इंदूरला पाचव्या-सहाव्यांदा गेले तेव्हा रेस्टॉरंटमधल्या काकांनी न विचारता कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि बिनसाखरेचा चहा आणून ठेवला. दिवसभर अनोळखी माणसांत काढल्यावर कुणीतरी आपल्याला ओळखतं याची किंमत मला पॉइंटमध्ये काढता येत नाही.

एक चांगली गोष्ट पण सांगते. लेमन ट्रीच्या हॉटेलांत ऐकू-बोलू न शकणारी मुलंमुली कामाला असतात, बरीच वर्षं झाली ते करतात. पहिल्यांदा मला काय करावं कळेना, मग त्या मुलीने वही पुढे केली, मी लिहिलं "उपमा गरम आहे का", तिने हाताने वाफ दाखवली. तिच्याकडून मी खुणेने थँक्यू म्हणायला शिकले. आता कुठेही गेले तरी वापरते.

पाना दादा, तुमच्या मुलीला समुद्र दाखवाच. पॉइंट नसले तरी.

माजी_फ्रंटऑफिस

ताई, रूम नंबर मोठ्याने बोलायचा नाही हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं जायचं. तुमच्याबरोबर झालं ते फार चुकीचं झालं. कुणाबरोबर झालं तर तिथेच सांगायचं, मला दुसरी खोली द्या आणि नंबर लिहून द्या. द्यावीच लागते, घाबरू नका.

पाना दादांसाठी अजून एक राहिलं. तुमच्या वर्षाला साठेक रात्री होतात, चार ठिकाणी वाटल्या तर कुठेच काही नाही. सगळ्या एकीकडे टाकल्या तर चित्र बदलतं. मॅरियटला गोल्ड २५ ला आणि प्लॅटिनम ५० ला आहे, आयएचजीला (हॉलिडे इनवाल्यांना) गोल्ड २० ला आणि प्लॅटिनम ४० ला. खरा फरक प्लॅटिनमपासून पुढे पडतो. मॅरियटच्या गोल्डला चेकआउट दुपारी दोनपर्यंत, पण खोली शिल्लक असेल तरच. अपग्रेडची फार आशा धरू नका, मिड-रेंज हॉटेलात खोल्यांचे प्रकारच दोन-तीन असतात, अपग्रेड म्हणजे वरचा मजला किंवा कोपऱ्यातली खोली. आणि नाश्त्याची किंमत धरूनच दर बघा, हॉलिडे इन एक्सप्रेससारख्या ठिकाणी तो दरातच असतो, दुसरीकडे कमी दर दिसतो आणि नाश्त्याचे वेगळे द्यावे लागतात. तुम्हाला कंपनी जेवणाचा भत्ता देत असेल तर तोही वाचतो.

पॉइंटची मुदत पण बघून ठेवा. मॅरियटला २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर जातात. तुमचं सारखं चालू असतं म्हणून काळजी नाही, पण नोकरी बदलली, फिरणं थांबलं की लोक विसरतात.

अंबडचा_पाना

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे साइटवर होतो म्हणून उशीर झाला.

सांगितल्याप्रमाणे जुनी बिलं काढली. थेट बुक केलेल्या तीन रात्री खरंच जमा नव्हत्या, कोइम्बतूरच्या, माझ्या नावात वडिलांचं नाव मध्ये घातलेलं होतं म्हणून जुळल्या नाहीत. फॉर्म भरला, बारा दिवसांनी आल्या. म्हणजे १७ झाल्या. एचआरचं पण उत्तर आलं, पॉइंट तुमचेच, फक्त लिमिटच्या वरचा दर पॉइंटसाठी घ्यायचा नाही. ते बरोबरच आहे.

लोकल_तिकीट, तुमचं चाकणबद्दलचं पटलं, तिथे मी साइटजवळच राहणार, पॉइंट मिळो न मिळो. पण होसूर आणि कोइम्बतूरला आता एकच चेन आणि त्यांच्याच ॲपवरून. लॉगिन करून बघितलं तर मेंबरचा दर बाहेरच्या साइटपेक्षा फक्त ६० रुपयांनी जास्त होता. साठ रुपयांसाठी मी दीड वर्षं घालवलं.

परवा परत तीच पहाटेची बस होती. आदल्या रात्री सव्वानऊला बसमधूनच फोन केला, ड्यूटी मॅनेजर मुलगी होती, तिला सगळं खरं सांगितलं, साडेपाचला येतोय, नऊला मशीनवर उभं राहायचंय. ती म्हणाली सर आज खोल्या शिल्लक आहेत, आदल्या रात्रीचं बुकिंग करू नका, उगाच पैसे जातील, मी एक खोली बाजूला ठेवते. पाच चाळीसला पोचलो तर किल्ली तयार. दोन तास झोपलो. अंघोळ करून साडेआठला टॅक्सीत. मशीनचा स्पिंडल त्या दिवशी एका प्रयत्नात बसला. रात्री परत आल्यावर तिला थँक्यू म्हणायला काउंटरवर गेलो तर तिची शिफ्ट संपली होती, मग कागदावर चार ओळी लिहून मॅनेजरकडे दिल्या.

गोव्याचं घरी खरं सांगून टाकलं. बायको म्हणाली पॉइंट साठेपर्यंत पोरगी कॉलेजला जाईल, आपण कोकणात जाऊ. डिसेंबरात गुहागरला चाललोय, एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी, तीन रात्री. कुणी राहिलंय का तिकडे, लहान मुलांना पाण्यात उतरायला कुठला भाग सुरक्षित आहे तेवढं सांगा.

एकटी_प्रवासी

गुहागर माझं आजोळ दादा. किनारा लांबलचक आणि मोकळा आहे, पण पाण्याला ओढ असते, कुठलाच भाग बिनधास्त समजू नका. गावातल्या लोकांना विचारून, ओहोटीची वेळ टाळून, मुलीचा हात धरूनच गुडघ्यापर्यंत उतरा. संध्याकाळी व्याडेश्वराच्या देवळातून मागे सरळ किनाऱ्यावर जाता येतं, तिथली वाळू मऊ आहे, तिला अनवाणी चालू द्या.